दंतोबांचं बोट

दंतोबा कधी कुणाशी भांडले नाहीत असं आमच्या क्लबात सगळे सांगतात. ते खरं नाही. मी त्यांना भांडताना पाहिलंय. एका रविवारी सकाळी ते निवृत्त पोस्टमास्तरांशी चांगली वीस मिनिटं भांडले. दंतोबा म्हणत होते, हा गुण तुमचा. पोस्टमास्तर म्हणत होते, अजिबात नाही, तुमचा.

"लागला," दंतोबा म्हणाले.

"नाही लागला. मी इथून बघत होतो."

"तुम्ही तिथून बघत होतात. टेबल कुणाच्या पोटाशी आहे?"

"तुमच्या. आणि पोट एवढं आहे की तुम्हाला कड दिसतच नाही."

"पोटाला लागला असता तर मला कळलं असतं. लाकडाला लागला."

शेवटी तो गुण पुन्हा खेळायचं ठरलं. पोस्टमास्तरांनी सर्व्हिस मुद्दाम जाळीत मारली. तेव्हा मात्र दंतोबा खरोखर चिडले. बॅट टेबलावर ठेवून म्हणाले, "असं करणार असाल तर मी घरी जातो. ही फसवणूक झाली." पोस्टमास्तरांनी माफी मागितली. स्वतः हरण्यासाठी केलेल्या लबाडीबद्दल माणसाने माफी मागितल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलंय.

टेबल टेनिस न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. चेंडू टेबलाच्या वरच्या कडेला पुसटसा जरी घासून गेला, तरी तो मारणाऱ्याचा गुण. असा चेंडू वाकडा उडतो आणि परत मारणं ब्रह्मदेवालाही जमत नाही. पण कडेच्या खाली, बाजूला लागला तर गुण समोरच्याचा. आता लागला की नाही, आणि कुठे लागला, हे नीट कळतं एकाच माणसाला. ज्याच्या पुढ्यात तो पडतो त्याला. म्हणून आमच्या क्लबात एक रीत होती. ज्याच्या बाजूला कडेचा चेंडू पडेल त्याने मुकाट्याने एक बोट वर करायचं. बोट वर झालं की गुण समोरच्याला. नाही झालं, तर लागला नाही. मध्ये कुणी विचारायचं नाही. विचारणं म्हणजे एखाद्याच्या घरी पाण्याचा पेला हातात घेऊन "घासलाय ना?" म्हणण्यासारखं.

दंतोबांचा धंदा कवळ्या करण्याचा. दाताचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन यांच्याकडे पाठवतात. हे त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओततात, त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवतात, आणि हिरड्यांत एकेक दात उभा करतात. मग वरचा आणि खालचा जबडा एका बिजागरीच्या सांगाड्यात अडकवायचा, मध्ये पातळ निळा कागद धरायचा आणि कटकट चावायला लावायचं. दात दाताला जिथे टेकतो तिथे निळा ठिपका उठतो. नको तिथे ठिपका उठला, तर तिथे केसाइतकं घासायचं. पुन्हा कागद, पुन्हा कटकट. "जिभेला केस म्हणजे ओंडका वाटतो, विमेकर," ते मला सांगायचे. "आमचं सगळं कसब एवढंच. टेकलं की नाही टेकलं."

विमेकर म्हणजे मी. मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसतो. लोक खरं बोलतात की खोटं, हे तपासण्याची नोकरी तीस वर्षं करतोय. पुढे काय झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवलं नाहीत तर माझ्यावर उपकार होतील.

आमच्या क्लबातले साठीपुढचे निम्मे सभासद दंतोबांच्या दातांनी हसतात. हरल्यावर दातओठ खातात त्यातले दातही यांचेच. दंतोबा बुटके, गोल, गळ्यात दोन चष्मे दोरीला बांधलेले, आणि उजव्या कानाच्या पाळीवर कायम प्लॅस्टरची पांढरी पूड. हा कान वहिनी तीस वर्षं पुसतायत आणि तो तीस वर्षं पांढराच आहे. खेळायची ऐट म्हणाल तर काही नाही. फडक्याने टेबल पुसावं तशी बॅट फिरवतात. पण तुम्ही कितीही जोरात मारा, चेंडू आपला नम्रपणे परत येतो. एखादा कारकून अर्ज परत पाठवतो तसा.

क्लब म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली. एक टेबल, चार लोखंडी खुर्च्या, एक स्टोव्ह. पूर्वी नियम होता की जो जिंकेल त्याने चहा करायचा आणि कपही विसळायचे. त्यामुळे जिंकण्याची कुणाला फारशी घाई नसे. ऑफिसची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून माणसं खेळत. शेजारचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावून एक गेम खेळून जाई आणि गिऱ्हाईकही आरशातून ओरडून गुण विचारी. वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची. जिंकणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या लाकडी फळीवर पांढऱ्या रंगाने लिहायचं. बस. दंतोबांचं नाव त्या फळीवर सहा वेळा आहे. माझं एकदाही नव्हतं.

चार वर्षांपूर्वी क्लबाला नवे सेक्रेटरी मिळाले. त्यांचं गाद्यांचं दुकान. माणूस उत्साही. पहिल्याच सभेत म्हणाले, "किती दिवस असं टाइमपास खेळायचं? आपण व्हिजन ठेवलं पाहिजे." आम्ही सगळ्यांनी चष्मे पुसले. मग एकेक गोष्ट येत गेली. ग्रुप आला. क्रमवारी आली, तीही दर आठवड्याला मोबाइलवर. टी-शर्ट आले, मागे 'निवांत गाद्या' असं छापलेले. पाठीवर 'निवांत' लिहिलेली माणसं मग त्वेषाने उड्या मारू लागली. स्टोव्ह गेला, बटण दाबायचं यंत्र आलं, आणि जिंकणाऱ्याला काही करायचं उरलं नाही, सेल्फीखेरीज. पोस्टमास्तर, ज्यांनी आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती, ते प्रत्येक गुणाला मूठ आवळून "चोऽ" असं ओरडू लागले. मोबाइलवरचे मोठे खेळाडू ओरडतात म्हणे. पहिल्यांदा त्यांच्या पत्नीला वाटलं, दंतोबांची कवळी घशात गेली. त्यांनी धावत येऊन यांच्या पाठीत दोन गुद्दे घातले.

मी हे असं हसत हसत सांगतोय खरं, पण माझी गत काय होती? मी कार्बनची बॅट घेतली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या आरशासमोर बॅकहँडचा सराव करू लागलो. एका छोट्या वहीत प्रत्येक सभासदाचा कच्चा दुवा लिहून ठेवला. सलूनवाला: डाव्या कोपऱ्यात उशिरा पोचतो. पोस्टमास्तर: दमतात. दंतोबा: या नावापुढे दोन महिने काही सुचेना. शेवटी लिहिलं, 'भिडस्त'.

ही वही बायकोच्या हाती लागली. तिने शांतपणे वाचून परत दिली. म्हणाली, "यात तुमचं पान कुठंय?"

यंदा स्पर्धेला संघटनेकडून अंपायर आली. अंपायर आली म्हणजे खुर्ची आली, गुणांचा फलक आला, आणि सेक्रेटरींची सूचना आली: 'सर्व निर्णय अंपायरचे. खेळाडूंनी निर्णयात ढवळाढवळ करू नये.' ते वाचून दंतोबा म्हणाले, "चांगलंय. आपल्याला एक माणूस जास्त मिळाला." त्यांना वाटलं, अंपायर आपल्या मदतीला आहे.

मी अंतिम फेरीत पोचलो. समोर दंतोबा. वय माझं बावन्न, त्यांचं एकसष्ट. मला मनात ठाऊक होतं, माझा गुडघा पुढच्या वर्षी हे करू देणार नाही. नाव लागायचं तर आज. खोलीत चाळीस माणसं दाटीवाटीने उभी. बायको नव्हती, पण ऑफिसातले दोघे होते आणि साहेबही डोकावून गेले होते. चार गेमनंतर दोन-दोन बरोबरी. पाचव्यात मी दहा, दंतोबा नऊ. एक गुण हवा.

मी सर्व्हिस केली. दंतोबांनी परत दिली. मी कोपऱ्यात मारली, तीही परत आली. मग त्यांनी माझ्या उजव्या हाताच्या टोकाला एक लांब चेंडू टाकला. मी बॅट नेली तिथे तो नव्हता. मध्येच कुठेतरी त्याने वाट बदलली होती आणि बॅटच्या खालून निसटून तो खुर्चीखाली गेला.

'टक्' असा बारीकसा आवाज झाला होता. कड माझ्यापासून वीतभर. वरची कड. निळ्या रंगावरची पांढरी रेघ जिथे संपते, बरोबर तिथे. मी पाहिलं. वाटलं, भासलं, असं काही नाही. पाहिलं.

अंपायरची खुर्ची टेबलाच्या पलीकडच्या अंगाला. तिला ती कड दिसणं शक्यच नव्हतं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, दंतोबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आउट. गेम अँड मॅच."

दंतोबा माझ्याकडे बघत होते. तक्रारीने नव्हे. रस्ता ओलांडताना आपण ओळखीच्या माणसाच्या हाताकडे बघतो ना, तो पलीकडून 'या' म्हणेल म्हणून, तसे.

माझा हात खाली होता. बॅट धरलेला. दुसरा हात मांडीला चिकटलेला. मला त्या हाताचं वजन अजून आठवतं. सेक्रेटरी ओरडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आवाजात माझ्या मनातला विमा कंपनीचा माणूस अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला: निर्णय अंपायरचा असतो. खेळाडूंनी ढवळाढवळ करू नये.

एक बोट वर केलं असतं, तर दहा-दहा झाले असते. सामना संपलाही नसता. कदाचित मी जिंकलोही असतो. तेवढी वाट बघायची माझी तयारी नव्हती.

दंतोबा जाळीजवळ आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "उत्तम खेळलात, विमेकर. खरं सांगू, मला वाटलं लागला." आणि हसले. "वय झालं."

मी म्हणालो, "अंपायरने दिलंय ना." हे माझं त्या दिवसातलं एकमेव वाक्य, जे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्याने तो इतका सावकाश केला होता की चेंडू एखाद्या वऱ्हाडासारखा रमतगमत येत होता. कडेपाशी तो चक्क वळतो. निम्मे म्हणाले लागला, निम्मे म्हणाले सावली आहे, एकाने भूमितीचा आराखडा काढून टाकला. दुपारपर्यंत एकशे चौदा मेसेज. मी बाथरूममध्ये बसून ते सगळे वाचले. मग दंतोबांचा आला. त्या ग्रुपवर त्यांनी आधी कधी काही लिहिलं नव्हतं.

'विमेकरांनी बोट वर केलं नाही. म्हणजे लागला नाही. व्हिडिओ बघायची गरज नाही. विषय संपला.'

विषय संपला. एवढ्या माणसांत एकानेही मग तोंड उघडलं नाही. आणि मी काय केलं? त्या मेसेजला अंगठा दिला.

पुढच्या रविवारी दंतोबा क्लबात आले नाहीत. मला बरं वाटलं, ते लपवत नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत. फळीवर माझं नाव लागलं होतं. रंगाऱ्याने ते दंतोबांच्या सहाव्या नावाच्या बरोबर खाली लिहिलं होतं, आणि मी टेबलाच्या ज्या बाजूला उभा राहिलो तिथून ते दिसेच. मी बाजू बदलून मागून घेऊ लागलो. लोकांना वाटलं, उजेडाचा प्रश्न आहे.

मग सोमवारी माझी दाढ दुखायला लागली. दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांची कवळ्यांची सगळी कामं दंतोबांकडे. माझ्या तोंडात आरसा घालून डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मित्राचं काय चाललंय? महिनाअखेर काम बंद करतोय म्हणतो."

मी "आँ?" म्हणालो. तोंडात आरसा असताना तेवढंच म्हणता येतं.

"अहो, एका आजींची कवळी तीनदा बसवली. पहिलीच उत्तम होती. म्हणतो, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, मला जिथे टेकलेलं दिसतं तिथे टेकलेलं नसतं. डोळे तपासून आला. कानसुद्धा तपासून आला. दोन्ही ठणठणीत. तरी ऐकत नाही. म्हणतो, मशीनला काय कळतंय, माझ्याकडे पुरावा आहे. कसला पुरावा, ते सांगत नाही. थुंका."

मी थुंकलो. आयुष्यात कधी ते काम इतकं समर्पक वाटलं नव्हतं.

तसाच, अर्धा गाल बधिर घेऊन, दंतोबांच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली. फळ्यांवर ओळीने प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. टेबलावर दंतोबा वाकून बसलेले. गळ्यातले दोन्ही चष्मे नाकावर एकावर एक चढवलेले, आणि हातात भिंग. निळा कागद धरून कटकट केलं, भिंगातून पाहिलं, पुन्हा कटकट केलं, पुन्हा पाहिलं. मग एका कागदावर काहीतरी लिहिलं. पूर्वी हे काम ते माझ्याशी गप्पा मारता मारता करत.

"या, चँपियन," ते म्हणाले. टोमणा नव्हता. दंतोबांना टोमणा मारता येत नाही, ती त्यांची एक मोठीच उणीव आहे.

"दिसला नाहीत दोन रविवार."

"काय करणार येऊन? तुमचा खेळ बिघडवायचा? मला न लागलेले चेंडू लागलेले दिसायला लागलेत. उद्या मी भलतंच बोट वर करेन, तुमची पंचाईत." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आवाजही ऐकला हो मी. टक् असा. डोळे आणि कान एकदमच गेले म्हणायचे. आमच्या वडिलांचं असंच झालं होतं, पण त्यांचं आधी एक गेलं, मग दुसरं."

आता. हा क्षण होता. मी सांगायलाच आलो होतो. तोंड उघडलं. आणि म्हणालो, "माझ्या ओळखीचे एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत. फार चांगले."

आणि खिशातून त्यांचं कार्ड काढून दिलं.

दंतोबांनी ते जपून खणात ठेवलं. "तुम्हीच एक विचारायला आलात," म्हणाले. चहा सांगितला. बधिर गालातून तो माझ्या शर्टावर सांडला, तर त्यांनी आपला रुमाल दिला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "दाढ दुखतेय का अजून?"

"नाही."

"मग चेहरा असा का? दुसऱ्याची काढून आणल्यासारखा?"

तिला सांगितलं सगळं. भाजी निवडत होती, तिने निवडायची थांबवली एवढंच. मग म्हणाली, "तुमच्या टेबलावर असा दावा आला असता तर काय केलं असतं?"

"फेटाळला असता."

"मग?"

मंगळवारी मी गेलो नाही. ऑफिसात काम होतं, असं मी स्वतःला सांगितलं. नव्हतं. बुधवारी सकाळी रजा टाकून गेलो. दंतोबा अवजारं पेटीत भरत होते. घासायच्या सुया, मेणाच्या सुऱ्या, छोट्या कातऱ्या, सगळं पुसून फडक्यात गुंडाळत होते. भाच्याला पाठवायची, म्हणाले. त्याचा हात चांगला आहे आणि डोळे तरणे आहेत.

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता.

"दंतोबा, तो चेंडू लागला होता."

"कोणता?"

"शेवटचा. दहा-नऊचा. वरच्या कडेला लागला. मी पाहिलं. मला आवाज आला. मी बोट वर केलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील, निदान 'चालते व्हा' म्हणतील. मी तयारीने गेलो होतो, सगळं ऐकून घ्यायचं ठरवून. पण त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी पसरत गेलं. रोग्याला डॉक्टरने 'काही नाही, साधा खोकला आहे' म्हटल्यावर पसरतं तसं.

"नक्की? वरच्या कडेला?"

"पांढरी रेघ संपते तिथे."

"रेघ संपते तिथेच," ते म्हणाले. "माझ्या हिशेबाने दोन दोरे अलीकडे. पण तुम्ही जवळ होतात." आणि त्यांनी फडकं सोडलं, एक सुई काढली, आजींचा परवाचा जबडा पुढे ओढला, चष्मा एकच ठेवला, निळा कागद घातला. कटकट. पाहिलं. मागच्या दाढेवर सुई एकदा फिरवली. कटकट. कवळी बाजूला ठेवली. एवढ्यात कळलं. दोन आठवडे भिंगातून जे कळत नव्हतं ते.

"पहिलीच बरोबर होती," ते स्वतःशीच म्हणाले. "मी घासून घासून बिघडवली. चला, नवीन करू."

मी तिथे उभा होतो हे ते विसरले असावेत. त्यांनी मोबाइल उचलला आणि वहिनींना लावला. वहिनी शाळेत गणित शिकवतात. मधली सुट्टी असावी, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. दंतोबांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे पलीकडचंही सगळं खोलीत.

"अगं, ऐक. डोळे ठीक आहेत माझे. कानही."

"कुणी सांगितलं?"

दंतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग नजर काढून फळीवरच्या जबड्यांकडे नेली.

"डॉक्टरांनी," ते म्हणाले.

"कोणत्या डॉक्टरांनी? सकाळपासून कारखान्यात आहात ना?"

"आहेत एक. विमेकरांनी कार्ड दिलं होतं. त्यांचा फोन आला."

"तपासल्याशिवाय?"

दंतोबांच्या कपाळावर घाम आला. एकसष्ट वर्षांच्या माणसाला इतकं वाईट खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. रोज तपासतो ते लोक निदान सराव करून येतात. यांना पुढचं वाक्य सुचेना. नुसते "ते काय आहे" म्हणत पांढरा कान खाजवत राहिले. माझ्यासाठी. पोस्टमास्तरांनी एक सर्व्हिस जाळीत मारली तर घरी जायला निघालेला हा माणूस.

मी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"वहिनी, मी बोलतोय. डॉक्टरबिक्टर कुणी नाही. तो चेंडू लागला होता. मी खोटेपणा केला."

पलीकडे गलका तसाच चालू. वहिनींनी बहुतेक दार लावलं, कारण तो एकदम कमी झाला.

"माहितेय मला, भावोजी," त्या म्हणाल्या. "व्हिडिओ मी त्याच सोमवारी पाहिला. यांना दाखवला असता तर यांनी व्हिडिओलाच चष्मा लावायला सांगितला असता. म्हटलं, तुम्हीच सांगाल. यांना म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबा, तोवर अवजारं कुणाला देऊ नका. आणि वाट बघत बसले."

मी मनात दिवस मोजू लागलो.

"सतरा दिवस लावलेत," त्या म्हणाल्या. "आमच्या वर्गातली पोरं दोन दिवसांत कबूल करतात."

"वहिनी, मी आज सेक्रेटरींना सांगतो. फळीवरचं नाव..."

"ते तुमचं तुम्ही बघा. यांनी इतक्या दिवसांत किती काम परत पाठवलं, ते आधी विचारा. त्या डॉक्टरांकडे जाऊन सांगा की चूक यांच्या डोळ्यांची नव्हती. कुणाची होती, तेही सांगा. नाव घेऊन सांगा."

"सांगतो."

"एरवी म्हटलं असतं, संध्याकाळी घरी या. आज नाही म्हणत. घंटा झाली, ठेवते."

फोन बंद झाला. दंतोबा खाली बघत मेण गरम करत होते. कान लाल झाला होता, पांढऱ्या पुडीखालीसुद्धा दिसण्याइतका. माझ्यामुळे बायकोशी खोटं बोलावं लागलं आणि तेही पकडलं गेलं, याची लाज त्यांना वाटत होती. माझ्या वाटणीची त्यांनी तीही घेतली होती.

"बोलते ती जरा," ते म्हणाले.

"बरोबर बोलल्या."

"हो, बरोबर बोलली," दंतोबा म्हणाले, आणि तेवढ्या एका वाक्यात पहिल्यांदाच मला त्यांचा राग ऐकू आला. त्यांनी मेण साच्यावर ओतलं, ते पसरेपर्यंत वाट पाहिली, आणि वर न बघता म्हणाले, "दवाखाना एकला बंद होतो, विमेकर. आत्ता निघालात तर पोचाल."

मी निघालो. दवाखान्यात गर्दी होती. बाहेरच्या बाकावर पाच माणसं बसली होती, त्यांत त्या आजीही होत्या, तोंड बोळकं करून. डॉक्टरांनी दारातून मला पाहिलं आणि विचारलं, "काय, दाढ अजून दुखतेय?"

"दाढ नाही," मी म्हणालो, आणि सगळ्यांच्या देखत, पहिल्यापासून सांगायला लागलो.